बेफिकीर फ्रित्झ

सत्तराव्या वाढदिवसाला लेकीने डोळ्यांवर रुमाल बांधून गाडीत बसवलं, तेव्हाच एलर्ट टामेनचं डोकं सणकलं होतं. अचानक काही घडलेलं त्याला कधीच आवडत नसे. पण गेशे त्याची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून दर रविवारी ती ब्रेमेनहून यायची, बापाशी भांडत भांडत त्याचा फ्रिज साफ करायची आणि जाताना दारात उभी राहून औषधं घेतलीस का म्हणून विचारायची. तिच्यापुढे त्याचं फारसं चालत नसे.

"बाबा, रुमालाला हात लावायचा नाही."

"मला उलटी होईल."

"होऊ दे. गाडी माझी आहे, मी धुवीन."

गाडी थांबली तेव्हा समुद्रबांधावरून येणारा वारा अंगावर आला, आणि त्याबरोबर तळलेल्या बटाट्यांचा वास. गेशेने रुमाल सोडला. समोर नोरा उभी होती.

कागदोपत्री तिचं नाव नोराटलास. फौजेचं मालवाहू विमान, जाडं पोट आणि मागे दोन शेपट्या. पण हवाई दलात तिला नोराच म्हणत, घरातल्या मोलकरणीला हाक मारावी तसं. एलर्टने ऐन तारुण्याची आठ वर्षं तिच्या पोटाखाली उताणं पडून काढली होती. आता तिच्या अंगावर रंगीत दिव्यांची माळ होती, दाराला लाकडी जिना लावला होता, आणि कुशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कॅफे नोरा.

गेशे बापाच्या तोंडाकडे बघत होती. "काय? बोल ना काहीतरी."

एलर्ट पुढे गेला आणि त्याने चाकावर तळवा ठेवला. रबर चिरलं होतं, वाळलं होतं. त्याच्या बोटांना मात्र सगळं आठवत होतं.

एलर्टचा बाप दलदलीतला पीट, म्हणजे जळणाची काळी माती, खणणारा. घरात पाच भावंडं, आणि शेकोटीला तोच पीट. एकोणिसाव्या वर्षी एलर्ट हवाई दलात भरती झाला तो विमानांच्या ओढीने नाही, तर तिथे प्रत्येकाला स्वतंत्र पलंग मिळतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पलंग मिळाला, आणि शेजारच्या पलंगावर लुडगर फेल्डहाउस मिळाला. लुडगर म्युन्स्टरकडचा, कॅथलिक, नऊ महिने कबुतरांविषयी बोलणारा आणि उरलेले तीन महिने कबुतरांच्या पत्रांची वाट बघत बसणारा, असं एलर्ट त्याला चिडवायचा. दोघे नोराच्या डाव्या इंजिनावर काम करत.

त्या कामाचं कौतुक कुणी कधी केलं नाही. नोराची इंजिनं तेल गाळायची. तिच्याखाली उभं राहिलं की टोपीवर ठिपके पडायचे, आणि ते ठिपके कुठल्याही साबणाने जात नसत. हिवाळ्यात इंजिनांवर जाड ताडपत्र्या घालायच्या, पहाटे त्यांच्यावरचा बर्फ झाडायचा, जाड नळीतून गरम हवा आत सोडायची. हातमोजे घालून स्पार्क प्लग काढता येत नसत, म्हणून उघड्या हातांनी काढायचे, आणि धातूला बोटाची कातडी चिकटायची. एलर्टचं लग्न झालं तेव्हा त्याची बायको टाल्का म्हणाली होती, "माझ्या उशीला पेट्रोलचा वास येतो. तुझ्या नोरालाही इथेच झोपव, म्हणजे निदान ओळख तरी होईल."

वैमानिक यायचे, इस्त्रीचे कपडे, गळ्यात पांढरा रुमाल. विमानाभोवती एक फेरी मारायची, टायरला बुटाने ठोसा द्यायचा आणि वर चढायचं. त्यातले चांगले होते ते "काय रे पोरांनो, हात गारठले का?" म्हणून विचारत. कप्तान रेटबर्ग विचारत नसे.

"बाबा, ये ना, पुढून बघ," गेशे म्हणाली. "आतमध्ये टेबल राखून ठेवलंय. केकसुद्धा आहे."

एलर्ट पंखाखालून डाव्या बाजूला आला, आणि जागच्या जागी थिजला.

डाव्या इंजिनाच्या पंख्याजवळ, विमानाच्या पंखाला दोरीने एक बाहुला टांगला होता. निळा, तेलकट कामाचा पोशाख, आत पेंढा भरलेला. मानेवर डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी लाल दिवा होता, तो लुकलुकत होता. हातात फळी, फळीवर लिहिलेलं: "मी पंख्यात डोकं घातलं, तुम्ही फक्त चमचा घाला! बेफिकीर फ्रित्झ: व्हॅनिला आइस्क्रीम, वर स्ट्रॉबेरीचा रस." एक बाई आपल्या नवऱ्याला बाहुल्याशेजारी उभं करून त्याचा फोटो काढत होती. नवऱ्याने मान खांद्यांत दडवून डोकं नसल्याचं सोंग केलं. बाई खो खो हसली.

"हे काय आहे?" एलर्टने विचारलं. आवाज अगदी खाली होता. गेशेला तो आवाज ठाऊक होता. तिच्या लहानपणी तो ऐकू आला की आई तिला घेऊन अंगणात जायची.

"काही नाही रे, गंमत आहे. पर्यटकांसाठी..."

तोवर मालकच हसत समोर आला. हाइको त्याचं नाव, चाळिशीचा, जाड, गळ्यात ॲप्रन. "हेच का आपले वाढदिवसवाले आजोबा? लेक म्हणाली तुम्ही नोरावर काम केलंय म्हणून! मग आमच्या फ्रित्झला भेटलात की नाही? मेकॅनिक होता. फार बेफिकीर. रात्रभर दारू प्यायला आणि सकाळी इंजिनाचा खटका बंद न करताच पंखा फिरवायला गेला. फटाक! अजून रात्री इंजिनातून आवाज येतात म्हणतात." हा किस्सा त्याने किती जणांना सांगितला असेल कुणास ठाऊक, शब्द गुळगुळीत झाले होते.

एलर्ट शेजारच्या टेबलाकडे वळला. तिथे पावाची टोपली होती, टोपलीत सुरी होती. त्याने ती उचलली. गेशे किंचाळली, "बाबा!" हाइको दोन पावलं मागे सरकला. पण एलर्टने खुर्ची ओढली, गुडघा धरत तिच्यावर चढला आणि दोरी कापायला लागला. पावाची सुरी ती, लवकर कापेना. तो दात ओठ खात करकर कापत राहिला. शेवटी बाहुला धप्पकन खाली पडला आणि लाल दिवा फुटला.

"अहो, वेड लागलंय का? माझा आहे तो!"

"तो लुडगर फेल्डहाउस आहे," एलर्ट खुर्चीवरूनच ओरडला. "दारूला शिवत नव्हता! बेफिकीर नव्हता! आणि तू त्याला स्ट्रॉबेरीचा रस घालून विकतोस?"

हाइकोचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त विचार न करणारा होता. "मला काय माहीत हो? मला वाटलं, असंच कुणीतरी... मला हे कप्तानसाहेबांनी सांगितलं. रेटबर्गसाहेबांनी. दर नोव्हेंबरला येतात ते, जुन्या लोकांना घेऊन, केलची पालेभाजी खायला. फ्रित्झची कल्पना त्यांना फार आवडली होती. म्हणाले, झकास."

एलर्ट खुर्चीवरून उतरला. सुरी त्याने टोपलीत परत ठेवली, पाव नीट लावला आणि गाडीकडे चालू लागला. केक तसाच राहिला.

*

गेशे त्याला घरी घेऊन आली. तिने पाणी ठेवलं, चहा केला, खडीसाखरेवर ओतला, वरून सायीचा थेंब सोडला. साखर तडकल्याचा आवाज आला. मग ती समोर बसली. "सांग," म्हणाली. "आईला माहीत होतं ना? मला का नाही?"

"तुला माहीत असून काय झालं असतं?"

"आज मी तुला तिथे नेलं नसतं."

मग त्याने सांगितलं. चिडून, मधेच थांबून, टेबलावर मूठ आपटत सांगितलं.

इंजिन बंद होऊन बराच वेळ गेला की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच चालू केलं तर इंजिन आतून मोडतं. म्हणून आधी तिघांनी मिळून पंखा हाताने फिरवायचा: एकाने पातं ओढून बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने पुढचं. तेवढा वेळ वर कॉकपिटमधला ठिणगीचा खटका बंद असलाच पाहिजे, नाहीतर हाताच्या फेऱ्यानेच इंजिन चालू होतं. खालचे सगळे दूर झाले की त्यांच्यातला एक "मोकळं!" म्हणून ओरडणार, मगच वरचा माणूस खटक्याला हात लावणार. एवढा साधा नियम.

त्या दिवशी सकाळी नोराला फौजेचा बँड घेऊन जायचा होता. कुठल्याशा गावाच्या जत्रेत नगराध्यक्षांच्या स्वागताला वाजवायला. युद्ध नाही, पूर नाही, दुष्काळ नाही. बँड! लुडगरने पहाटे इंजिन तपासायला चालू केलं आणि बंद केलं. बँडवाले उशिरा आले, मोठमोठ्या तुताऱ्या घेऊन, आत चढताना त्या दारात अडकवत. तोवर इंजिन बंद होऊन बराच वेळ लोटला, म्हणजे पंखा पुन्हा हाताने फिरवणं आलं. एलर्ट वर गेला, खटका बंद आहे हे त्याने स्वतःच्या बोटांनी पाहिलं आणि खाली आला. लुडगर, एलर्ट आणि हारो ओल्टमान्स नावाचा नुकताच आलेला जवान, तिघे पंख्याला लागले. कप्तान रेटबर्ग सगळ्यात शेवटी धावत आला. "चला, चला, नगराध्यक्ष काय आपली वाट बघत बसतील?" असं ओरडत वर चढला.

"मी पातं सोडून मागे झालो होतो," एलर्ट म्हणाला. "लुडगरने पुढचं धरलं. कुणी काही ओरडलं नाही, गेशे. कुणीच नाही. इंजिन अजून गरम होतं. एकदाच उसळलं. एकच फेरा."

त्याने कप बाजूला सारला.

"मी वर धावलो. खटका चालू होता. रेटबर्ग खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मग चौकशी बसली. तीन अधिकारी, हिरवं कापड घातलेलं टेबल. एलर्टने सांगितलं की खटका मी स्वतः बंद पाहिला होता. मधला अधिकारी शांतपणे म्हणाला, "नीट विचार कर, टामेन. खटका चालू राहिला तो एक तर फेल्डहाउसच्या हातून, नाहीतर शेवटी वर जाऊन आलेल्या माणसाच्या. शेवटी वर कोण गेलं होतं?"

"मी. आणि माझ्यानंतर कप्तानसाहेब."

"कप्तानांचा प्रश्न इथे नाही."

"मग माझ्या नावावर लिहा," एलर्ट म्हणाला होता. "पण त्याच्या नावावर लिहू नका."

त्यांनी ते एलर्टच्याही नावावर लिहिलं नाही. जिवंत माणूस वाद घालतो, वर अर्ज करतो. मेलेला गप्प असतो. हारोला विचारलं तर तो म्हणाला, माझं लक्ष पायाखाली होतं, मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. निकाल लागला: मृताचा स्वतःचा बेफिकीरपणा. एलर्टला विमानांवरून काढून टायरांच्या कोठारात पाठवलं, आणि करार संपेपर्यंत तो तिथे टायर मोजत राहिला. मग घरी आला आणि उरलेलं आयुष्य त्याने शेतांतलं पाणी उपसायचे पंप दुरुस्त करण्यात घालवलं.

"आणि ठाऊक आहे का तुला?" एलर्टचा आवाज चढला. "बँड गेला! त्याच दिवशी! विमान बंद, तर त्यांना बसने पाठवलं. लुडगर लाकडी पेटीत, आणि संध्याकाळी ते तिकडे वाजवत होते. पोम पोम पोम!"

लुडगरच्या दफनाला तो गेला होता. चर्चच्या पायरीवर लुडगरच्या आईने त्याची बाही धरली. "खरं सांग, बाळा. माझा मुलगा बेफिकीर होता?"

"नाही हो, आई."

"मग ते तसं का लिहितात? ते शिकलेले लोक आहेत. ते उगाच कशाला लिहितील?"

उगाच नव्हतं लिहिलं. चांगलं ठरवून लिहिलं होतं. पण मातीचा वास अजून हाताला असलेल्या त्या बाईला हे कसं सांगायचं?

चहा गार झाला. गेशेने विचारलं, "नोव्हेंबरात जायचं आहे का तुला?"

"जायचंय," एलर्ट म्हणाला. "आणि तू मला अडवायचं नाहीस."

"अडवत नाही. गाडी मी चालवणार आहे."

*

पहिलं कडक हिव पडलं, केलची पानं गोड झाली, आणि एका रविवारी दुपारी जुन्या हवाई दलवाल्यांची मेजवानी भरली. बाहुल्याची जागा रिकामी होती. हाइकोने तो पुन्हा टांगला नव्हता. एलर्टला दारात पाहून त्याने ॲप्रनला हात पुसले आणि हळूच म्हणाला, "आजोबा, भांडी तेवढी फोडू नका."

नोराच्या पोटात, जिथे एकेकाळी सैनिक पाठीला पॅराशूट लावून बसायचे, तिथे लांब टेबल मांडलं होतं. दहा-बारा म्हातारे, वाफाळणाऱ्या केलची ताटं, जाड सॉसेज, छोट्या पेल्यांत धान्याची कडक दारू. टेबलाच्या टोकाला रेटबर्ग. पाठ अजून ताठ, अंगात निळा कोट, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं.

"अरे, टामेन का तू?" कुणीतरी ओरडलं. "आम्हाला वाटलं, तू कधीच वर गेलास!"

एलर्ट सरळ टोकापर्यंत गेला, रेटबर्गच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसला. गेशे त्याच्या मागे उभी राहिली.

"तुम्ही त्याला फ्रित्झ केलंत," एलर्ट म्हणाला.

रेटबर्गने ओळखायला वेळ घेतला. मग तोंड पुसलं. "ओहो. टायरवाला टामेन. अरे, नाव मी मुद्दाम बदललं. त्याच्या घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"आणि तो दारू पिऊन आला होता म्हणून सांगितलंत, तेही घरच्यांसाठीच का?"

"किस्सा आहे रे. किश्श्यात थोडा मीठमसाला लागतो. इतक्या वर्षांनी आता कशाला हे..."

"खटका मी बंद पाहिला होता."

"चौकशी झाली होती, टामेन. निकाल लागला होता."

"मी बंद पाहिला होता. मग चालू कुणी केला?"

"मला काय ठाऊक?"

"तू केलास," एलर्ट म्हणाला.

टेबलावरचे काटेचमचे थांबले. रेटबर्गला त्या टेबलावर आजवर कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. त्याच्या मानेवर लाल डाग चढले.

"मी 'मोकळं' ऐकलं होतं," तो सावकाश म्हणाला. "स्पष्ट ऐकलं होतं. अजूनही ऐकू येतं."

"कुणाच्या आवाजात?"

"ते मला कसं कळणार? खाली तुम्ही तिघे होता. कुणीतरी ओरडलं."

"कुणीच ओरडलं नव्हतं."

हे एलर्ट बोलला नव्हता. टेबलाच्या मधोमध बसलेला एक बारीक, टकला म्हातारा बोलला होता. तो आपल्या ताटाकडे बघत होता. एलर्टने त्याला ओळखलं नव्हतं, आता ओळखलं. हारो ओल्टमान्स.

"कुणीच ओरडलं नव्हतं," हारो पुन्हा म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. लुडगर मला म्हणत होता, पाय मागे घे, पाय मागे घे. तेवढंच. मग ते झालं. मी वर बघितलं तेव्हा कॉकपिटच्या काचेतून कप्तानसाहेबांचा हात वरच्या फळीवर दिसला, खटक्याजवळ."

एलर्टला वाटायला हवं होतं की अखेर झालं. त्याऐवजी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

"आत्ता?" तो हारोवर गरजला. "आत्ता सांगतोस? मी त्या हिरव्या टेबलासमोर उभा होतो तेव्हा कुठे होतं हे तुझं आठवणं? तुझी जीभ झडली होती का रे? त्याची आई मला विचारत होती! माझी बाही धरून!"

"मी एकोणीस वर्षांचा होतो," हारो पुटपुटला. "मला सांगितलं होतं त्यांनी, तोंड उघडलंस तर..."

"आणि तिसाव्या वर्षी? पन्नासाव्या वर्षी? दर वर्षी इथे येऊन याच्या शेजारी बसून सॉसेज खात होतास! तो बाहुला तुझ्या डोक्यावर लटकत होता!"

हारोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एलर्ट पुन्हा रेटबर्गकडे वळला, आणि त्याने जे पाहिलं त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. रेटबर्गने कानांतली यंत्रं काढली होती. एक उजव्या, एक डाव्या कानातलं, दोन्ही त्याने नीट रुमालावर ठेवली, काटा उचलला आणि केल खायला सुरुवात केली.

एलर्ट टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी गेला. लोकांना वाटलं, आता मारतो. गेशे पुढे झाली. पण एलर्ट वाकला, रेटबर्गच्या कानाला तोंड लावलं आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून ओरडला: "लुडगर फेल्डहाउस!"

विमानाचा पत्रा घुमला. स्वयंपाकघरात हाइकोच्या हातातून काहीतरी पडलं. रेटबर्गचा काटा हवेत थांबला. मग तो हळूहळू तोंडाकडे गेला. म्हाताऱ्याने घास चावला, गिळला. डोळे समोरच्या भिंतीवर.

"चल, बाबा," गेशे म्हणाली.

बाहेर जिन्याशी हारोने त्यांना गाठलं. कोट न घालताच धावत आला होता, वाऱ्याने त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याने हात पुढे केला. "एलर्ट..."

एलर्टने आपले हात खिशात घातले. "मला नको. त्याची बहीण आहे अजून, आग्नेस. आई तर गेली, आपला मुलगा बेफिकीर होता असं मानूनच गेली. बहिणीकडे जा. तिच्या तोंडावर सांग. मग काय ते बघू."

"ती मला घरात घेईल का?"

"नाही घेतलं तर दारात उभा राहून सांग!"

*

परतताना दोन्ही बाजूंना सपाट शेतं, पाण्याचे चर, चरांत वाकलेलं बोरूचं गवत. गेशेने हीटर वाढवला.

"बरं वाटतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"काय बरं वाटायचंय त्यात? तो बसून जेवला, गेशे. माझ्यासमोर जेवला."

गेशेने मान हलवली. मग म्हणाली, "तो मेला कसा ते मला कळलं. तो होता कसा?"

एलर्ट बोलायला लागला. लुडगर घोरायचा, आणि घोरतो हे कबूल करायचा नाही. अधिकाऱ्यांच्या बागेतली आलुबुखारं चोरून टोपीत भरून आणायचा. मग टोपीला आतून जांभळा डाग, आणि कवायतीच्या वेळी घामाबरोबर तो कपाळावर उतरायचा. एका कबुतराचं नाव त्याने सार्जंटच्या बायकोवरून ठेवलं होतं. टाल्का पहिल्यांदा तळावर आली तेव्हा लुडगरनेच तिला सांगितलं, याच्याशी लग्न कर, हा चिडका आहे पण चोर नाही. गेशे हसत होती. एलर्टही मधेच हसला, आणि हसता हसता गप्प झाला.

"काय झालं?"

"तो गायचा," एलर्ट म्हणाला. "पंख्याखाली काम करताना सारखा गायचा. काय गायचा ते आठवतंय. आवाज आठवत नाही." त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "जाड होता का बारीक, तेसुद्धा नाही. रेटबर्गचा आठवतो! त्या चौकशीवाल्याचा आठवतो! आणि त्याचा नाही!" त्याने गाडीच्या पुढच्या फळीवर मूठ हाणली, मग पुन्हा हाणली. गेशेने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याची मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली. ती सुटायला बराच वेळ लागला.

हिवाळा गेला. रेटबर्गची मंडळी पुढच्या वर्षापासून दुसऱ्या खानावळीत जाणार असल्याचं कळलं. त्यातल्या दोघांनी एलर्टला फोन केला, बाकीच्यांनी रस्त्यात भेटल्यावर तोंड फिरवलं. हाइकोने आइस्क्रीमचं नाव बदललं आणि एलर्टला निरोप धाडला की आजोबांनी येऊन पर्यटकांना खरी हकीकत सांगावी, आपण वेगळी पाटी लावू. एलर्टने उलट निरोप दिला की मी तुझा नवा बाहुला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी फोन वाजला. पलीकडे आग्नेस होती, लुडगरची बहीण. गेल्या कित्येक वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे दोघांचं बोलणं नव्हतं.

"ओल्टमान्स म्हणून कुणी आला होता," ती म्हणाली. "सगळं सांगितलं त्याने. रडला फार."

"रडणारच. रडायला काय लागतं?"

"मी त्याला कॉफी दिली. केकही दिला."

"केक?" एलर्ट ओरडला. "केक कशाला दिलास त्याला?"

पलीकडे आग्नेस हसली, अगदी थोडंसं, आणि म्हणाली, "शिळा होता रे."

एलर्टने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बरं केलंस. आता नीट सांग, काय काय म्हणाला तो. सुरुवातीपासून सांग."